टोकियोतला वसंत: उमेच्या पहिल्या कळीपासून जूनच्या पावसापर्यंत

टोकियोत नव्यानं आलेली मराठी मंडळी मार्चचा मध्य उलटला की विचारू लागतात, "साकुरा बघायला कुठं जायचं?" तोवर इथल्या वसंताचा पहिला महिना सरलेला असतो. हा वसंत फेब्रुवारीच्या थंडीत उमेच्या, म्हणजे जपानी प्लमच्या, फुलानं सुरू होतो आणि जूनमध्ये पाऊस लागेपर्यंत रेंगाळतो. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, त्यातली जेमतेम दहा दिवसांची पाहुणी. तिच्या आधी आणि नंतर जे येतं ते ठाऊक नसेल, तर एका शनिवारी गर्दीत धक्के खाऊन माणूस घरी येतो आणि वसंत संपला असं समजतो.

माझं पहिलं वर्ष तसंच गेलं. मी शनिवारी दुपारी मेगुरो नदीवर गेले. पुलावर उभं राहायला जागा नव्हती, चालायचं तेही गर्दी नेईल तिकडं. घरी येऊन फोटो पाहिले तर फुलांपेक्षा माणसांची डोकी जास्त. दुसऱ्या वर्षी घरामागच्या कालव्यावर रोज सकाळी वीस मिनिटं चालायला लागले आणि हे शहर मला आवडू लागलं. पुढं लिहिलंय ते त्या सकाळींमधून आणि नंतरच्या वर्षांतल्या भटकंतीतून जमलेलं आहे. कुणाला पूर्ण क्रम पाळायचा असेल त्यानं पाळावा, कुणी त्यातले दोनच दिवस उचलावेत.

आधी क्रम लिहून ठेवा

घरात कालनिर्णय टांगलेलं असेल तर त्याच्याशेजारीच एक कागद लावा. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत उमे. मार्चचा शेवटचा आणि एप्रिलचा पहिला आठवडा साकुरा. एप्रिलच्या मध्याला दाट पाकळ्यांची याएझाकुरा. एप्रिलभर त्सुत्सुजी, म्हणजे अझेलियाची झुडपं. एप्रिलच्या उत्तरार्धात फुजीचे, म्हणजे विस्टेरियाचे, जांभळे घोस. मेच्या मध्याला मात्सुरी, म्हणजे देवळांचे उत्सव. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात शोबू, म्हणजे आयरिसची फुलं. तारखा दर वर्षी चार-आठ दिवस पुढंमागं होतात, क्रम मात्र बदलत नाही.

आपल्याकडं मृग लागला, आर्द्रा लागल्या असं म्हणतात ना, तसे जपानच्या जुन्या पंचांगात वर्षाचे ७२ तुकडे आहेत, प्रत्येक साधारण पाच दिवसांचा. मार्चअखेरच्या एका तुकड्याचं नावच 'साकुरा पहिल्यांदा उमलते' असं आहे. ऋतू इतका बारीक मोजणाऱ्या लोकांत राहायचं तर आपणही थोडं मोजायला शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

एक व्यावहारिक गोष्टही त्याच कागदावर लिहा. १ एप्रिलला जपानचं आर्थिक वर्ष सुरू होतं, त्याच दिवसांत शाळा भरतात, नवे कर्मचारी रुजू होतात, बदल्या होतात. साकुरा आणि कामाची धांदल एकाच आठवड्यात येतात, तेव्हा मार्चअखेरच्या आणि एप्रिलच्या सुरुवातीच्या एखाद-दोन सकाळी आधीच मोकळ्या ठेवा. मी हानामीसाठी, म्हणजे फुलं बघायला, पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली तेव्हा वरिष्ठांनी कारण विचारलं नाही, "कुठं जाणार?" एवढंच विचारलं.

फेब्रुवारी: उमे, आणि औषधाच्या दुकानाची फेरी

उमेला फार कुणी बोलावत नाही, म्हणून मी तिची बाजू घेते. साकुराला जवळपास वास नसतो. उमेला मंद, गोडसर वास असतो आणि थंड हवेत तो दूरवर येतो. युशिमा तेन्जिन या देवळात फेब्रुवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत उमेचा उत्सव असतो. देऊळ विद्येच्या देवाचं आहे, आणि हे दिवस प्रवेशपरीक्षांचे. लाकडी पाट्यांवर, म्हणजे 'एमा'वर, मुलांनी लिहिलेल्या प्रार्थना एकावर एक टांगलेल्या असतात आणि त्यांच्या मागं पांढरी-गुलाबी फुलं. एका दुपारचं काम आहे आणि पैसे लागत नाहीत. तिथून उएनोपर्यंत चालतही जाता येतं.

याच दिवसांत सुगी, म्हणजे जपानी सीडरचे परागकण हवेत सुटतात. युद्धानंतर लाकडासाठी सुगीची लागवड प्रचंड प्रमाणात झाली, ती झाडं आता मोठी झालीत, आणि त्यांच्या परागांनी होणाऱ्या त्रासाला 'काफुनशो' म्हणतात. डोळे खाजणं, शिंकांची माळ, वाहतं नाक. सुगी ओसरता ओसरता हिनोकी नावाच्या दुसऱ्या झाडाचे पराग येतात आणि ते मेपर्यंत पुरतात. पहिली दोन-तीन वर्षं काहीच न झालेल्यांनाही नंतर हा त्रास सुरू होतो, म्हणून 'मला नाही होत' या भरवशावर राहू नका. सर्दी आठवडाभर हटली नाही आणि डोळे खाजत असतील, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं, म्हणजे 'जिबिका'त जा. हंगाम भरात यायच्या आधी औषध सुरू केलं तर त्रास कमी होतो. त्या दिवसांत कपडे बाहेर वाळत घालू नका, घरात शिरण्याआधी कोट झटका, बाहेर मास्क लावा. याची तजवीज फेब्रुवारीत केली नाही तर साकुराच्या दिवसांत डोळे चोळत बसावं लागतं.

मार्च: बहर केव्हा येणार, हे आपलं आपण ओळखा

टोकियोत बहुतेक ठिकाणी दिसणाऱ्या साकुराची जात एकच, सोमेई योशिनो. सोमेई हे एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, कडेचं माळ्यांचं गाव. आज तो भाग कोमागोमे स्टेशनच्या आसपास येतो. ही झाडं बियांपासून वाढवत नाहीत, कलमं करतात, त्यामुळं सगळी एकमेकांची हुबेहूब प्रत. सारखं हवामान मिळालं की सारी एकदम फुलतात. शहर एका रात्रीत गुलाबी होतं त्याचं कारण हे आहे.

सरकारी हवामान खातं यासुकुनी देवळातल्या एका ठरलेल्या झाडावर नजर ठेवतं. त्यावर पाच-सहा फुलं उमलली की टोकियोत 'काइका', म्हणजे बहर सुरू झाल्याची घोषणा. ८० टक्के कळ्या उमलल्या की 'मान्काई', म्हणजे पूर्ण बहर. १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या सरासरीनं काइका २४ मार्चला आणि मान्काई ३१ मार्चला येते. पण सरासरीवर विसंबू नका. २०२०, २०२१ आणि २०२३ मध्ये १४ मार्चलाच फुलं आली होती, आणि २०२४ मध्ये २९ मार्चपर्यंत वाट पाहावी लागली.

घरात मुलं असतील तर त्यांना एक हिशेब द्या. १ फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान लिहायचं आणि बेरीज करत जायचं. बेरीज ६०० अंशांच्या आसपास पोचली की टोकियोत साकुरा उमलते, असा इथला एक ठोकताळा आहे. कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन झोपी जातात, हिवाळ्याच्या कडाक्यानं जाग्या होतात आणि मग उबेनं वाढतात. त्या उबेचा हा मापदंड. नेमका दिवस दर वेळी साधत नाही, पण फ्रिजवर चिकटवलेल्या त्या कागदामुळं मुलं रोज आकाशाकडं बघू लागतात.

घोषणा झाली की लगेच धावायचं नाही. काइकेनंतर साधारण आठवड्यानं पूर्ण बहर येतो. बहुतेकांना तेच दोन दिवस हवे असतात, म्हणून गर्दीही तेव्हाच. मला त्यानंतरचे चार-पाच दिवस अधिक प्रिय आहेत. वारा सुटला की पाकळ्यांचं जे वादळ उठतं त्याला 'हानाफुबुकी' म्हणतात. त्या पाकळ्या पाण्यावर जमून संथ वाहत जातात, तो 'हानाइकादा', फुलांचा तराफा. फुलांमध्ये कोवळी पालवी डोकावली की 'हाझाकुरा'. बहरात अचानक परतणाऱ्या थंडीला 'हानाबिए'. हे चार शब्द शिकून घ्या. शेजाऱ्यांशी लिफ्टमध्ये बोलायला पुरतात, आणि प्रत्येक शब्दाबरोबर काय बघायचं तेही कळतं.

एक पाणी आपलं करा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, असं मी मानते. प्रसिद्ध ठिकाणांची यादी बाजूला ठेवून घरापासून चालत जाता येईल असं एक ओढ्याचं, नदीचं किंवा कालव्याचं काठ निवडा आणि काइकेपासून पाकळ्या गळेपर्यंत तिथंच रोज जा. टोकियोत पाण्याच्या काठानं साकुरा लावण्याची जुनी रीत आहे, त्यामुळं असं ठिकाण बहुतेक वॉर्डांत सापडतं.

आपल्यातले बरेच जण एदोगावा वॉर्डात, निशिकासाईच्या आसपास राहतात. त्यांना शिनकावा आहे. दोन नद्यांना जोडणारा हा कालवा, दोन्ही काठांना साकुरा, लाकडी पूल आणि शहराच्या मानानं पुष्कळ शांतता. अराकावा नदीच्या बांधावर कोमात्सुगावाला साकुराची लांबच लांब रांग आहे आणि तिथं आकाश मोकळं मिळतं. लहान मुलं असतील तर ग्योसेन पार्क: छोटं प्राणिसंग्रहालय फुकट, शेजारी तळ्याकाठची जपानी बाग. पश्चिमेकडं राहणाऱ्यांना झेनपुकुजी नदी, उत्तरेकडच्यांना शाकुजी नदी, मध्यावरच्यांना वासेदा ते एदोगावाबाशीपर्यंतची कांदा नदी. प्रत्येकीचा बाज वेगळा आहे, पण सकाळी सहा वाजता सगळ्या सारख्याच निवांत असतात.

मोठ्या ठिकाणांपैकी एकच करायचं असेल तर माझं मत आसुकायामा पार्कला. आठवा शोगुन तोकुगावा योशिमुने यानं १८व्या शतकात सामान्य लोकांना हानामी करता यावी म्हणून इथं साकुरा लावली. तोवर फुलं बघत बसणं हा बहुतांशी सरदार-दरबाऱ्यांचा शौक होता. १८७३ मध्ये जपाननं पहिली सार्वजनिक उद्यानं ठरवली, त्यात उएनोबरोबर आसुकायामाही होतं. टेकडी बेताची आहे, वर न्यायला छोटी फुकट गाडी आहे, आजी-आजोबांना त्रास होत नाही, आणि खालून टोकियोची जुनी ट्राम जाते. कोमागोमेचं रिकुगिएन तिथून जवळच. १७०२ सालची ही बाग एका विशाल झुकत्या साकुरासाठी ओळखली जाते. ती सोमेई योशिनोच्या थोडी आधी फुलते. प्रवेश ३०० येन.

चटई पसरण्याआधी

हानामी म्हणजे झाडाखाली बसून खाणंपिणं. पण बसू कुठं देतात हे आधी बघावं लागतं. योयोगी आणि इनोकाशिरा पार्कात चटई पसरता येते. उएनोत ठरवून दिलेल्या जागीच. मेगुरो नदी आणि चिदोरिगाफुची या चालत बघायच्या जागा. शिंजुकु ग्योएनच्या हिरवळीवर खुशाल बसा, पण तिथं दारूला बंदी आहे आणि फाटकावर पिशव्या बघतात. मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी म्हणूनच ती जागा सर्वांत सुखाची. ५८ हेक्टरची बाग, मोठ्यांना ५०० येन, आणि साकुराच्या इतक्या जाती की मार्चअखेर चुकली तरी एप्रिलच्या मध्यात याएझाकुरा हमखास भेटते. बहराच्या शनिवार-रविवारी आगाऊ नोंदणी लागू शकते, ती आदल्या आठवड्यातच पाहा.

चटई शंभर येनच्या दुकानात मिळते. माणसं जितकी तितकीच मोठी घ्या. मुळांवर पसरू नका. साकुराची मुळं उथळ असतात आणि पायाखाली माती घट्ट झाली की झाड आजारी पडतं. फांदी ओढून फोटो काढणं तर नकोच. चटईवर येण्याआधी बूट काढायचे, आणि ते वाटेत न ठेवता कडेला नीट लावायचे. जागा धरायची असेल तर कुणीतरी तिथं बसलं पाहिजे. नुसती चटई टाकून गेलात तर अनेक बागांत ती उचलतात. पार्कात कचऱ्याचे डबे क्वचित असतात, म्हणून तीन पिशव्या न्या: जळणारा कचरा, प्लॅस्टिकच्या बाटल्या, पेयांचे रिकामे डबे. सगळं घरी आणायचं. बाहेर पडताना उबदार वाटलं तरी अंगावर एक जास्तीचा थर हवाच. ऊन कलल्याबरोबर हानाबिए काय असतं ते कळतं, आणि खिशात ठेवायची 'काइरो' नावाची गरम पुडी तेव्हा फार कामाला येते.

खाण्याबद्दल शाकाहारी लोकांना थोडं सविस्तर सांगते. तयार बेन्तोत, म्हणजे जेवणाच्या डब्यात, मासळी दिसली नाही तरी 'दाशी' असतेच. दाशी म्हणजे बहुधा माशाच्या किसाचा अर्क, आणि तो भाज्यांत, अंड्याच्या गोडसर वड्यांत, इनारीझुशीच्या, म्हणजे भात भरलेल्या तळलेल्या, तोफूतही मुरवलेला असतो. उमेचं लोणचं घातलेला ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, हा त्यातल्या त्यात बरा पर्याय, तरी वेष्टनावरचे घटक वाचून घ्या. गोडात मात्र मोकळीक आहे. साकुरामोची दोन तऱ्हांची: टोकियोकडची पातळ घावनासारख्या पापुद्र्यात गोड पुरण गुंडाळलेली, आणि कानसाईकडची, म्हणजे ओसाका-क्योटोकडची, भरड तांदळाची. दोन्हींवर खारवलेलं साकुराचं पान. सुमिदा नदीकाठच्या चोमेइजी देवळाशेजारी टोकियोकडची मोची १७१७ पासून करतात असं सांगतात. शिनकावावर शेजारच्या चटईवरच्या आजींनी मला पहिली साकुरामोची दिली, मी त्यांना तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या. पान खायचं की काढायचं, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "मी खाते. आमचे हे चाळीस वर्षं काढून ठेवतायत." दोन्ही चालतं.

आपला पाडवा याच दिवसांत येतो. २०२५ मध्ये गुढीपाडवा आणि टोकियोतल्या पूर्ण बहराची घोषणा एकाच दिवशी, ३० मार्चला होती. बाल्कनीत गुढी उभारणार असाल तर काठी कठड्याच्या आतच घट्ट बांधा, मार्चचा वारा इथं जोराचा असतो. मग ताटात श्रीखंड घेऊन खाली झाडाखाली जावं.

वसंत घरातही, म्हणजे संग्रहालयात आणि रंगमंचावर

साकुराच्या दहा दिवसांत दोन-तीन दिवस पाऊस ठरलेला. ते दिवस वाया घालवू नका. टोकियोतली संग्रहालयं आणि नाटकगृहं ऋतूप्रमाणं कार्यक्रम लावतात आणि मला या शहराची ही गोष्ट सर्वांत जास्त भावते.

उएनोचं टोकियो राष्ट्रीय संग्रहालय मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत साकुराशी नातं असलेल्या वस्तू मांडतं. कानो नागानोबूनं रंगवलेले, फुलांखाली नाचणाऱ्या माणसांचे दोन घडीचे पडदे याच संग्रहातले, राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेले. एका पडद्याचे मधले दोन भाग १९२३ च्या भूकंपात नष्ट झाले. ती मोकळी जागा तशीच ठेवलेली दिसते. पडदे मांडलेत का हे जाण्याआधी पाहून घ्या. मागची बागही फिरून या, बाहेरच्या पार्कातल्या गर्दीचा तिथं मागमूस नसतो. त्याच महिन्यात उएनोतच वसंत संगीत महोत्सव भरतो. २००५ पासून चालू असलेल्या या महोत्सवात मोठ्या सभागृहांतल्या महागड्या मैफलींबरोबर संग्रहालयांतल्या छोट्या मैफलीही असतात. आपण त्या छोट्या निवडाव्यात.

दुसरी जागा मिनामी-आओयामातलं नेझु संग्रहालय. ओगाता कोरिननं सुमारे ३०० वर्षांपूर्वी सोनेरी पार्श्वभूमीवर निळ्या आयरिसची रांग रंगवली, ती पडद्यांची जोडी इथं दर वर्षी एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत बाहेर काढतात. संग्रहालयाच्या बागेतल्या तळ्यात तेच फूल एप्रिलच्या शेवटी, मेच्या आरंभी उमलतं. आधी चित्र बघा, मग बागेत उतरा, आणि पुन्हा वर येऊन चित्र बघा. दुसऱ्यांदा ते वेगळंच दिसतं. वेळ आधी आरक्षित करा.

काबुकी हे जुनं जपानी नाटक बघायची इच्छा असते पण चार तास आणि तिकिटाचा आकडा ऐकून लोक थबकतात. हिगाशी-गिन्झाच्या काबुकिझा नाट्यगृहात चौथ्या मजल्यावर एकाच अंकापुरतं तिकीट मिळतं, त्याला 'हितोमाकुमी' म्हणतात. किंमत अंकाच्या लांबीवर ठरते आणि पूर्ण तिकिटाच्या मानानं फार कमी असते. आधी कथानक वाचून जा. वरच्या मजल्यावरून काही जाणकार नटाच्या घराण्याचं नाव मोठ्यानं पुकारतात. ती दाद ऐकायची. ती नेमकी कुठं द्यायची हे कळायला वर्षं जातात.

जपानी बऱ्यापैकी समजू लागलं की उएनो, आसाकुसा किंवा शिंजुकुच्या जुन्या 'योसे'त, म्हणजे छोट्या नाट्यगृहात, राकुगो हे विनोदी कथाकथन ऐका. एकच माणूस उशीवर बसून, पंखा आणि रुमालाच्या आधारानं साऱ्या पात्रांची सोंगं वठवतो. वसंतात हमखास रंगणारी एक कथा आहे: गरीब बिऱ्हाडकरू घरमालकाच्या आग्रहानं हानामीला निघतात, साकेच्या जागी पातळ चहा आणि अंड्याच्या वड्यांच्या जागी पिवळा मुळा घेऊन. त्या बिऱ्हाडांच्या रांगेला 'नागाया' म्हणतात. चाळ पाहिलेल्या माणसाला ती गोष्ट लगेच आपली वाटते.

संग्रहालयांची आवड असेल तर 'गुरुत्तो पास' घ्या. २०२५ मध्ये त्याची किंमत २५०० येन होती. पहिल्या वापरापासून दोन महिने चालतो आणि शंभराच्या आसपास ठिकाणी प्रवेश किंवा सवलत मिळते. एप्रिलच्या सुरुवातीला घेतलात तर वसंताचा उरलेला भाग त्यात बसतो.

एप्रिल: गर्दी गेली, फुलं राहिली

साकुरा गळाली की पर्यटक पांगतात. ८ एप्रिलला बुद्धजयंती, 'हाना मात्सुरी'. देवळात फुलांनी सजवलेल्या छोट्या मंडपात बालबुद्धाची मूर्ती असते, पळीनं तिच्यावर 'आमाचा' हा गोड चहा ओतायचा. आसाकुसाच्या सेन्सोजीत, शिबाच्या झोजोजीत कुणालाही करता येतं. पाळण्यातल्या रामाला आणि बाळकृष्णाला ओळखणाऱ्या माणसाला इथं काही समजावून सांगावं लागत नाही.

नेझु देवळाचा त्सुत्सुजीचा उतार एप्रिलभर टप्प्याटप्प्यानं रंगतो. शंभरेक जातींची सुमारे ३००० झुडपं आहेत, लवकर-उशिरा फुलणारी, म्हणून मध्यावर गेलात तरी चालेल. महिन्याच्या उत्तरार्धात कामेइदो तेन्जिनच्या तळ्यावर फुजीचे घोस झुलतात. तिथं संध्याकाळी जा, कमानदार लाल पुलावरून पाण्यात पडलेलं प्रतिबिंब बघा. अलीकडं फुजी लवकर फुलू लागलीय, तेव्हा मेच्या सुट्टीवर ढकलू नका.

गोल्डन वीक: शहर सोडू नका

२९ एप्रिल आणि ३ ते ५ मे या सुट्ट्यांत सारा देश प्रवासाला निघतो. गाड्या भरतात, हॉटेलं महागतात. नव्यानं आलेल्यांना माझा आग्रह, पहिलं वर्ष टोकियोतच काढा. ४ मे हा हरित दिन. त्या दिवशी शिंजुकु ग्योएन फुकट असतं. टोकियो इंटरनॅशनल फोरममध्ये याच सुट्टीत ला फोल जुर्ने हा पाश्चात्त्य अभिजात संगीताचा महोत्सव भरतो: पाऊण तासाच्या छोट्या मैफली, बेताची तिकिटं, आणि तान्ह्या मुलांना घेऊन बसता येईल असे खास प्रयोग. ज्या आईबापांनी दोन-तीन वर्षांत सभागृहाची पायरी चढली नसेल त्यांनी हे तिकीट आधी काढावं.

मेइजी देवळात एप्रिलअखेरीपासून ३ मेपर्यंत वसंताचा मोठा उत्सव असतो. त्यात देवळासमोरच्या मंचावर बुगाकु, आणि नो, क्योगेन ही जुनी नाटकं बघायला पैसे पडत नाहीत. बुगाकु हे दरबारी नृत्य, आणि त्याचा एक प्रवाह आपल्याकडून इथं आलेल्या भिक्षूशी जोडला जातो. बोधिसेन हा भारतीय भिक्षू ७३६ साली जपानला पोचला आणि ७५२ साली नाराच्या महाबुद्धाचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्या हातून झाला. मंचावरचा तो संथ, मुखवटा घातलेला नर्तक बघताना मला दर वेळी त्या प्रवासाची आठवण होते.

मे: बघ्यांतून आत या

मेचा तिसरा शनिवार-रविवार आसाकुसाची सान्जा मात्सुरी. शनिवारी वस्त्यांच्या शंभराच्या आसपास पालख्या, 'मिकोशी', निघतात आणि रविवारी देवळाच्या तीन मुख्य मिकोशी. विषम सालांत मेच्या मध्याला कांदा मात्सुरीही असते. पुढची २०२७ मध्ये. पालखीची सवय असलेल्या आपल्या माणसांना खांद्यावरच्या मिकोशीचा हेलकावा आणि तालाची आरोळी अंगात भिनते. पण मध्येच घुसून खांदा देता येत नाही. त्या वस्तीचा 'हान्तेन', म्हणजे मंडळाचा अंगरखा लागतो, आणि तो मंडळाकडूनच मिळतो.

तेव्हा मोठ्या उत्सवाचा हट्ट सोडा आणि आपल्या वस्तीच्या छोट्या मात्सुरीपासून सुरुवात करा. वस्तीचं मंडळ म्हणजे 'चोनाइकाई'. इमारतीच्या सूचनाफलकावर किंवा घरोघर फिरणाऱ्या 'काइरानबान'मध्ये त्यांचे निरोप येतात. वर्गणी भरा, एका रविवारी साफसफाईला जा, पोरांना मुलांच्या मिकोशीला पाठवा. बहुतेक वस्त्यांत माणसं कमी पडतायत, म्हाताऱ्या खांद्यांना मदत हवी आहे. आमच्या वस्तीत मी आधी फक्त सरबताचे पेले वाटत होते. दुसऱ्या वर्षी मंडळाच्या काकांनी कपाटातून एक हान्तेन काढून माझ्या उंचीला लावून पाहिला आणि म्हणाले, "बाह्या जरा लांब होतील, पण चालेल."

वॉर्डाचं महिन्याचं पत्रक, 'कोहो', हेही वाचायला लागा. भाषांतराचं अॅप पुरतं. चहाविधी, फुलांची मांडणी, जपानी शिकवणारे स्वयंसेवकांचे वर्ग यांच्या जाहिराती त्यात असतात आणि फी बहुधा साहित्यापुरती.

सुमोचं सांगायचं राहिलं. मेमध्ये र्योगोकुच्या कोकुगिकानमध्ये १५ दिवसांची स्पर्धा असते. तिकिटं विक्री सुरू झाल्याबरोबर संपतात, म्हणून तारीख लिहून ठेवा. दिवस सकाळी खालच्या दर्जाच्या मल्लांपासून सुरू होतो. तेव्हा सभागृह रिकामं असतं आणि कुस्तीची जाण असलेल्यांना तीच वेळ जास्त आवडेल.

जूनच्या पहिल्या आठवड्यात होरिकिरी शोबुएनला जा. छोटी बाग, प्रवेश फुकट, जांभळ्या-पांढऱ्या शोबूच्या ओळी. छत्री जवळ ठेवा, टोकियोत पावसाळा साधारण याच दिवसांत लागतो आणि ओल्या पाकळ्यांवर हे फूल खुलतं. घरी आल्यावर भिंतीवरच्या त्या कागदावर या वर्षीच्या तारखा लिहून टाका: आपल्या काठावरचं पहिलं फूल कधी दिसलं, पाकळ्या कुठल्या दिवशी पाण्यावर आल्या, फुजी चुकली का. फेब्रुवारीत तो कागद काढाल तेव्हा हवामान खात्याच्या आकड्यांआधी तुमचे आकडे असतील.